आमटी मर्यादेत आहे

ब्रह्मदेवानं ही सृष्टी निर्माण केल्यावर तिचा नमुना तपासणीसाठी आमच्या साडूंकडं पाठवला असता, तर अजून रिपोर्ट आला नसता आणि आपण कुणी जन्मालाच आलो नसतो. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचं घराणं तीर्थपुरीकडचं, कास्तकारीतलं. पण यांचं मन कापसात रमलं नाही. रसायनशास्त्र शिकले आणि जालन्यात भंगार वितळवून सळया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटले, ते थेट निवृत्त होऊनच बाहेर पडले. बाहेर पडलं ते नुसतं शरीर. बाकीचा माणूस अजून तिथंच यंत्रासमोर बसलेला आहे, आणि त्याचा त्रास आम्ही नातेवाईक भोगतो आहोत.

साधा चहा घ्या. साडू दारात दिसले की आमची ही कौतुकानं विचारते, "दाजी, चहा टाकू का?" दुसरा कुणी असता तर "टाक" म्हणून मोकळा झाला असता. साडू म्हणतात, "टाक. पण आधी नुसतं गरम पाणी दे. त्याच पातेल्यातलं, त्याच कपात." याला ते ब्लँक म्हणतात. प्रयोगशाळेत म्हणे खरा नमुना तपासायच्या आधी काहीच न घातलेला नमुना यंत्राला देतात. तिथं यंत्रानं काही दाखवलं, तर ती खोट भांड्याची किंवा यंत्राची. "चहात जे लागलं ते चहाचं का पातेल्याचं, कसं कळल मंग?" असा त्यांचा बिनतोड सवाल. एकदा ते गरम पाणी घोटभर पिऊन, डोळे मिटून, जिभेवर घोळवून म्हणाले, "काल लसणाची फोडणी याच्यातच दिल्ती का?" दिली होती! त्या दिवशी आमच्या हिनं बाजारात जाऊन दाजींसाठी वेगळं पातेलं आणलं. आमच्या घरात देवाची भांडी आणि दाजींचं पातेलं, एवढ्यालाच शिवायची मला मनाई आहे.

नमुना कसा घ्यावा याचंही त्यांचं एक शास्त्र आहे. "वरच्या थरावर माणसानं बिलकुल विश्वास ठेवू न्हाई," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मोंढ्यात शेंगदाण्याचं पोतं घ्यायचं तर वरून मूठ, मधून मूठ आणि हात कोपरापर्यंत खुपसून तळातून मूठ. दुकानदार ओळखीचे झालेत, साडू दिसले की पोत्याचं तोंड आपणच सोडून ठेवतात. पण लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला आणि या गृहस्थांनी वरची एक, मधली एक, तळातली एक अशी उचलली, तेव्हा नवरीचा मामा जवळ येऊन मला हळूच म्हणाला, "पाव्हणं, तुमच्या साडूंना म्हणावं, गोड लै आवडत असल तर ताटच ठेवतो की समोर!" बरं, तीन घेतल्या म्हणजे तिन्ही खाल्ल्या असं नाही. एक खाल्ली, एक मला दिली, आणि तिसरी कागदात गुंडाळून खिशात टाकली. तो राखीव नमुना. पुढं वाद झाला तर असावा जवळ! जिलबीवरून कोर्टकचेरी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, पण यांच्या कपाटात राखीव नमुन्यांच्या बाटल्यांची रांगच आहे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईनं, दर उन्हाळ्यात केलेला येसर मसाला त्यात वर्षवार भरून ठेवलेला. ताईला एकेक बरणी, बाटली शोधत फिरावं लागतं आणि हे बूच घट्ट लावून बसलेले.

माझ्या लग्नाच्या वेळी तर मीच नमुना होतो. मला पारखायला सासऱ्यांनी थोरला जावई म्हणून यांनाच पाठवलं. आल्या आल्या विचारलं, "तंबाखू खाता का?" म्हटलं, नाही. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता पुन्हा, "तंबाखू खाता का?" म्हटलं, नाही हो. मी त्यांना एसटीवर सोडायला गेलो, गाडी हलली, तर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "तंबाखू?" मीही चिडून ओरडलो, "नाही म्हटलं ना!" सगळा स्टँड बघायला लागला. घरी जाऊन यांनी सासऱ्यांना सांगितलं, "तिन्ही बार रीडिंग सारखं आलं. पोरगा रिपीट होतो. द्या पोरगी." या एका शिफारशीवर माझा संसार उभा आहे. प्रेमबिम नंतरच्या गोष्टी.

मी त्यांची प्रयोगशाळा एकदा पाहिली आहे. बाहेर भट्टीचा वणवा, आणि आत यांच्या यंत्राच्या खोलीत माघातली थंडी. यंत्राला गारवा लागतो म्हणून साडू जालन्याच्या मे महिन्यात स्वेटर घालून बसलेले. भट्टीतलं लोखंड पळीभर काढायचं, त्याची चकती थंड करून घासायची, यंत्रात ठेवायची. यंत्र तिच्यावर ठिणग्या पाडतं आणि त्या उजेडाचे पदर सुटे करून पाहतं. कार्बनचा उजेड वेगळा, गंधकाचा वेगळा, फॉस्फरसचा वेगळा. मिनिटाच्या आत कुठलं किती ते पडद्यावर हजर! मी थक्क झालो. साडू मात्र पडद्याकडं संशयानं बघत म्हणाले, "अजून दोनदा घिऊ." दारात मालक येरझारा घालत होते. "साहेब, जल्दी करा, भट्टी तापून राह्यली, बिजली जळून राह्यली!" साडू मान वर न करता म्हणाले, "शेठ, या सळईवर उद्या कुणाचं तरी छत उभं राहणार. तापू द्या." मालकांनी कपाळाला हात लावला, पण उलटून बोलले नाहीत. यांच्या सहीची सळई कधी परत आली नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या क्षणी मला माझ्या साडूंचा अभिमान वाटला, हे इथं सांगून टाकतो, कारण त्यांच्या तोंडावर सांगायची सोय नाही. ते तीनदा वदवून घेतील.

पण या सगळ्यात खरी भरडली गेली ती आमची ताई. ताईच्या हाताची येसर आमटी म्हणजे काय सांगू! पंचक्रोशीत लग्न असलं की आचारी ठरायच्या आधी ताईच्या घरचा येसर सांगून ठेवतात. डाळी, धने, खोबरं भाजायला लागली की गल्लीतली माणसं उगाच काम काढून यांच्या दारावरून जातात. जो जेवला तो बोटं चाटत उठला. एकटा हा नवरा! पहिला भुरका मारायचा, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "मर्यादेत आहे." कारखान्यात मालाला शेरे दोनच. मर्यादेत आहे, नाहीतर मर्यादेबाहेर आहे. छान, झकास, लाजवाब असले रकानेच तिथं नाहीत. ताई म्हणायची, "अहो, एकदा तरी छान म्हणा. काय जीभ झडती का?" तर हे समजावून सांगणार, "छान म्हंजी किती? छानचं माप सांग, मंग म्हणतो." लग्न झाल्यापासून ताई त्या एका शब्दासाठी झुरत होती. हसण्यावारी न्यायची, पण एकदा आमच्या हिच्याजवळ बोलून गेली, "मी मेल्यावर पिंडाला कावळा शिवल, पण या माणसाच्या तोंडातून छान निघायचं न्हाई."

मग निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात तापाची साथ आली. घरोघरी माणसं आडवी झाली, साडूही झाले. आठवडाभरानं उठले, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. ताईनं पथ्य संपलं म्हणून आम्हाला जेवायला बोलावलं आणि येसर आमटी केली. साडूंनी भुरका मारला. डोळे मिटले नाहीत. ताटाकडं बघत म्हणाले, "छान झाली."

आमच्या हिच्या हातातला घास हातातच राहिला. मी ठसकलो. ताईनं दोनदा विचारलं, "काय म्हणालात?" तर म्हणतात, "छान झाली म्हणलं. वाढ अजून." ताई लाजली हो! या वयात, नातवंडं झालेली बाई, पदर तोंडाला लावून आत पळाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या नात्यागोत्यात फोन गेले. अंबडच्या नणंदेला, अंतरवालीच्या मावशीला. ताप डोक्यात गेला म्हणून असंना का, पण माणूस सुधारला!

पण पुढं छानचं पीकच आलं. भात छान, पिठलं छान, दुधीची भाजी तर फारच छान. दुधीची! माझं कुत्सित डोकं लगेच म्हणालं की कुठंतरी पाणी मुरतंय. ताईच्याही चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. आमच्याकडं दर वेळी आधी गरम पाणी मागणारा माणूस, एके दिवशी हिनं विसरून सरळ चहाच पुढं केला, तर मुकाट प्यायला. ते पाहून ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांचं काहीतरी बिघडलंय. उद्या तुम्ही दोघं जेवायला या. आणि काही झालं तरी तोंड उघडू नका."

गेलो. ताईनं आमटी वाढली. मी पहिला घास घेतला आणि माझा चेहरा कसनुसा झाला, पण ताईनं डोळे वटारले म्हणून गिळला. साडूंनी वाटी तोंडाला लावली, अर्धी रिकामी केली आणि म्हणाले, "वा, छान झाली!"

ताईनं पळी खाली ठेवली. "मीठ न्हाई त्यात," ती म्हणाली. "मीठ न्हाई, येसर न्हाई. नुसतं डाळीचं पाणी हळद टाकून उकळलंय."

साडूंनी वाटी उजेडाकडं धरून पाहिली. मग हळूच म्हणाले, "ब्लँक दिला व्हय मला?"

"तुमच्याच हाताखाली शिकले."

मग ते बोलले. ताप उतरला तेव्हापासून ना वास येत होता ना चव. घास तोंडात माती की मिठाई, कळत नव्हतं. "यंत्र बंद असलं की रिपोर्ट द्यायचा नसतो," ते म्हणाले. "मी दिला. आख्ख्या जिंदगीत पहिल्यांदा खोटा रिपोर्ट दिला. काय करू? मर्यादेत म्हणायला चव कळावी लागती. छान म्हणायला काहीच लागत न्हाई." ताई स्वयंपाकघरात गेली, ती लवकर बाहेर आली नाही. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो शब्द मिळाला तो असा. मला आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात विनोद सुचला नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ उग्र वास हुंगायचे, नाक हळूहळू शिकेल, नाहीतर नाही शिकणार. ताईनं कंबर कसली. कपाटातल्या राखीव नमुन्याच्या बाटल्या खाली काढल्या. एकीत हिंग, एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, आणि एकीत तिचा येसर. साडूंनी अट घातली, मधूनच एक रिकामी बाटली पाहिजे, म्हणजे आपणच आपल्याला फसवणार नाही. मग हे डोळे मिटून खुर्चीत, आणि ताई समोर. "शून्य." पुढची. "शून्य." ताई कावायची, "शून्य काय, नीट हुंगा की!" मी मदत म्हणून एकदा माझा दिवसभराचा पायमोजा नाकाशी धरला. "शून्य," साडू शांतपणे म्हणाले. आमची ही म्हणाली, "ताई, आता मात्र मोठ्या डॉक्टरला दाखव." आम्ही हसलो, पण साडू हसले नाहीत. सगळ्या जगाची पारख केलेला माणूस रिकाम्या बाटलीत आणि हिंगात फरक करू शकत नव्हता, आणि ते त्याला आतून खात होतं. उन्हाळ्यात नवा येसर झाला, त्याचा राखीव नमुनासुद्धा त्यांनी काढून ठेवला नाही. "काय करायचा आता," म्हणाले.

आणि मग एका दुपारी ताई आमच्या हिच्याशी फोनवर बोलत होती. बहिणी-बहिणींचं बोलणं ते, गॅसवरची फोडणी कोण बघतो! इतक्यात फोनवर साडूंचा आवाज आला, ओसरीवरून ओरडत येणारा, "जिरं जळून राह्यलं! मर्यादेच्या पार बाहेर गेलं!" मग फोन पडल्याचा आवाज, आणि मग ताईचं मोठ्यानं रडणं. हिला वाटलं, दाजी गेले. स्कूटर काढून आम्ही तसेच सुटलो. पोचलो तर घरभर काळा धूर, शेजारी दारात गोळा, आणि स्वयंपाकघरात साडू कढईवर वाकून उभे. ताई डोळे पुसत तेलात पुन्हा जिरं टाकत होती.

"अगं, काय चाललंय काय?" ही ओरडली.

"तिसरी फोडणी," ताई रडत-हसत म्हणाली. "एका रीडिंगवर भरवसा न्हाई म्हणत्यात!"

तिन्ही वेळा रीडिंग सारखं आलं. साडू रिपीट झाले.

सगळं काही परत आलं नाही, तेही सांगायला हवं. उग्र ते कळतं. जळकं, हिंग, माझा पायमोजा. पण येसराचा तो बारीक, भाजलेला वास, ज्याच्यासाठी गल्ली वाट वाकडी करून जाते, तो अजून त्यांच्यापर्यंत पोचत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. म्हणून हल्ली आम्ही जेवायला गेलो की साडू आमटीला हात लावत नाहीत. ताई पहिला भुरका मारेपर्यंत थांबतात आणि विचारतात, "कशी झाली?"

ताई डोळे मिटते. सावकाश जिभेवर घोळवते. मग अगदी त्यांच्याच आवाजात म्हणते, "मर्यादेत आहे."

"मंग छानच असल," साडू म्हणतात, आणि वाटी पुढं करतात. ताई काठोकाठ वाढते. आम्ही दोघं नवरा-बायको उगाच खाली मान घालून जेवतो.