काकूंचं लोटलेलं दार

माझी आई कामाला निघताना पाणी पीत नसे. चहा अर्धा कप, तोही औषधासारखा. आमच्या वस्तीतून घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये भांडी-लादीला जाणाऱ्या सगळ्याच बायकांची ही रीत आहे. नवीन कोणी कामाला लागली की शेअर रिक्षात बसतानाच जुनी बाई तिला सांगते, "पाणी पिऊ नको हां, वर गेल्यावर जायला कुठं नाय." पगार किती, सुट्ट्या किती, कुठल्या मॅडमची जीभ कशी, हे सगळं नंतर. आधी हे.

आई ज्या घरांत काम करायची त्या सगळ्या घरांचे संडास ती घासायची. त्यातल्या एकाही संडासात तिला बसता येत नव्हतं. तसं कुणी तोंडाने सांगितलेलं नव्हतं. सांगावंच लागत नाही. एकदा एका मॅडमकडे आईने विचारलेलं, तर मॅडम म्हणाली, "अगं, आत्ता जरा पाहुणे आहेत." घरात पाहुणे नव्हते. आईने परत कधी, कुणालाच, विचारलं नाही.

बिल्डरने खाली पार्किंगमध्ये कामगारांसाठी एक संडास बांधून दिला होता. नकाशात तो आहे, आजही आहे. कमिटीने त्यात गणपतीच्या मखराचे पत्रे आणि लाइटच्या माळा भरून बाहेर कुलूप लावलं. देवाचं सामान आहे म्हटल्यावर बोलणार कोण? वॉचमन आणि ड्रायव्हर भिंतीमागे जातात. बाया कुठे जातील, हा प्रश्न त्या एवढ्या मोठ्या सोसायटीत एकालाही पडला नाही. बाया जात नाहीत. धरून ठेवतात. दुपारी सुटल्यावर रिक्षाच्या खड्ड्यांमध्ये दात आवळून बसतात, वस्तीत पोचल्या की पिशवी शेजारणीकडे टाकून थेट सार्वजनिक संडासाकडे पळतात. लहान असताना मला वाटायचं, आई मला भेटायला पळत येते.

काकू हे त्या टॉवरमधलं एकटं म्हातारं माणूस. मुलाचा फ्लॅट, मुलगा पुण्याला. आई त्यांच्याकडे कामाला नव्हती, समोरच्या घरात होती. एकदा आई जिन्याच्या कठड्याला धरून, पाय आवळून उभी असताना काकू लिफ्टमधून बाहेर आल्या.

"काय गं, काय होतंय?"

"काही नाही काकू. जरा दम लागला."

"दम छातीत लागतो. मी डोंबिवलीला चाळीत वाढलेय, चाळीस बिऱ्हाडांत चार संडास होते. मला शिकवू नकोस. चल आत."

आई आत गेली. बाहेर आल्यावर रडली, असं तिनेच मला सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "साबण डोळ्यात गेलेला."

दुसऱ्या दिवसापासून काकूंचं दार सकाळभर नुसतं लोटलेलं असायचं. बाथरूममध्ये बादली भरलेली, साबण, खुंटीवर एक धुतलेला पंचा. आणि काकू स्वतः बाल्कनीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसायच्या. कोण आलं, कोण गेलं, बघायचं नाही. "या" नाही, "झालं का" नाही. कुणाला मागायला लागू नये, आभार मानायला लागू नयेत, म्हणून ती पाठ. मी खूप सभा ऐकल्यात, भाषणंही ठोकलीत, पण माणसाची लाज एवढी सांभाळणारी दुसरी पाठ मी बघितलेली नाही. हळूहळू वरच्या मजल्यावरची पोळीवाली यायला लागली, जिने झाडणारी यायला लागली, पार्सल घेऊन येणारी एक पोरगीही. आई सकाळी पाणी प्यायला लागली. तांब्याभर.

मला तेव्हा हे आवडलं नव्हतं, तेही सांगते. मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत आहे, पत्रकं लिहिते. मी आईवर ओरडले, "हक्काचा संडास कुलपात आणि तुम्ही काकूंच्या मेहेरबानीवर खूश? पत्रक काढू. त्यात काकूंचंही लिहू, म्हणजे बाकीच्यांना लाज वाटेल."

आई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा हक्क येईस्तोवर मी कुठं जाऊ गं? तुझ्या पत्रकावर बसू? आणि काकूंचं कुठं बोललीस तर याद राख. झाकलेलं आहे म्हणून चाललंय."

मी नाही लिहिलं. एक अक्षर नाही. बोंब दुसरीकडून झाली.

उन्हाळ्यात सोसायटीला माणुसकीचा झटका आला. रोज एक चांगलं काम करायचं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मग काय, पक्ष्यांना पाणी, फोटो. वॉचमनला बिस्किटांचा पुडा, फोटो, त्यात पुडा पुढे, वॉचमन अर्धा कापलेला. कचरेवाल्याला टोपी. गेटवर माठ ठेवला, त्याला झेंडूची माळ घातली. आणि सगळ्या कामवाल्यांना रांगेत उभं करून स्टीलच्या बाटल्या वाटल्या, वर चिठ्ठी: ऊन वाढतंय, भरपूर पाणी प्या. कुलूप आणि माठ यांच्यामध्ये वीस पावलंही नसतील. आईने बाटलीत शेंगदाणे भरून ठेवले.

काकूंच्या समोरच्या घरातली, म्हणजे आई जिच्याकडे कामाला होती ती तरुण मॅडम. वाईट नव्हती. खरंच नव्हती, आणि त्यामुळे मला तिच्यावर धड रागावताही येत नाही. तिला वाटलं, खरं चांगलं काम तर हे आहे. तिने काकूंच्या दाराबाहेरच्या चपलांचा फोटो काढला, तीन जोड, एकीचा अंगठा तुटलेला, आणि खाली लिहिलं की आमच्या शेजारच्या काकू कामवाल्या मावशींना स्वतःचं वॉशरूम वापरू देतात, त्यांना सलाम.

पुढे काय झालं ते तिनेच मला नंतर फोन पुढे धरून दाखवलं. आधी हात जोडलेले, मग फुलं, मग टाळ्या. मग एकाने विचारलं, "मावशी म्हणजे कोण कोण? रोज?" मग, "तेच हात आपल्या पिठाला लागतात, जरा विचार करा." मग, "म्हातारी बाई एकटी असते, दार उघडं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" मग कुणीतरी काढलं की ह्या बायका गेटच्या अ‍ॅपवर ज्या घरासाठी नोंदवल्यात ते घर सोडून दुसऱ्या घरात जातातच कशा. संध्याकाळपर्यंत कमिटीचा नियम आला: ज्या घरात काम नाही त्या घरात प्रवेश नाही. पुण्याला मुलाला फोन गेला. मुलाने काकूंना फोन केला, आणि शनिवारी येऊन दाराला आपोआप बंद होणारं लॉक आणि वर कॅमेरा बसवून गेला.

काकूंनी आईला जिन्यात गाठलं. "घर त्याचं आहे गं," एवढंच म्हणाल्या.

"तुमचं काय चुकलं, काकू."

"माझं नाही चुकलं, ते मला ठाऊक आहे. तेवढ्याने तुझं काय भागणार?"

आईचा तांब्या परत पालथा. आम्ही तिघी, मी, पोळीवाली आणि जिने झाडणारी, सेक्रेटरींना भेटायला गेलो. मागणी एकच, पार्किंगचं कुलूप काढा. सेक्रेटरी गोड बोलले, खुर्च्या दिल्या, म्हणजे मला दिली. त्या दोघी आपसूक उभ्याच राहिल्या.

"बेटा, आमची सोसायटी कामाच्या बायकांशी किती चांगलं वागते ते विचार ना ह्यांना. आत्ताच बाटल्या दिल्या."

पोळीवाली म्हणाली, "मग काय साहेब, बाटलीत करायचं का?"

"भाषा! बायकांनी असं बोलायचं?"

"बायकांनीच करायचं नाही, तर बोलू तरी द्या की."

विषय सर्वसाधारण सभेत ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. मी पत्रक काढलं. गेटवर वाटलं. लोकांनी गाडीची काच खाली करून घेतलं, पुढच्या सिग्नलला ते मी रस्त्यावर पडलेलं बघितलं. पोळीवालीची दोन घरांची कामं गेली. सभा झाली की नाही मला माहीत नाही, कुलूप होतं तसंच आहे.

पाऊस संपता संपता आईला थंडी वाजून ताप यायला लागला. लघवीला जळजळ होतीच, ती कधीपासून, हे तिने सांगितलं नव्हतं. कमरेत कळ आली की म्हणायची वाकून वाकून आलीय. एके सकाळी ती मॅडमच्या सिंकपाशी भांडी हातात असताना कोसळली. मॅडमने स्वतः रिक्षा केली, स्वतः बरोबर आली, सरकारी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मी तिला पाणी दिलं. काय करणार होते?

इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं. एक बरीच खराब झालीय, दुसरी जपायला हवी, असं डॉक्टर म्हणाले. तरुण होते, दमलेले होते, वाईट नव्हते. सगळ्यांनाच मी हे म्हणतेय, मला कळतंय. वाईट माणूस सापडला असता तर हे लिहायला सोपं गेलं असतं.

"मावशी, भरपूर पाणी प्यायचं. आणि लघवी धरून ठेवायची नाही. कळलं?"

शेजारच्या खाटेवर दुसरी एक बाई होती, कल्याणची, तिकडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये काम करणारी, हाच आजार. ती सलाईन लावलेला हात वर करून म्हणाली, "पितो की डॉक्टर. फक्त मुतायचं कुठं, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या."

सगळा वॉर्ड हसला. आईही हसली, आणि हसताना कळ येऊन तिचं तोंड वाकडं झालं.

घरी आणल्यावर काकू आमच्या वस्तीत आल्या. मुलाला न सांगता, रिक्षा करून, गल्ली विचारत विचारत. मोसंबी आणलेली. आईच्या खाटेपाशी बसल्या. मग काकू चुळबुळ करायला लागल्या. आईने ओळखलं. वर्षानुवर्षं तीच चुळबुळ करत आलेली बाई, तिला नाही कळणार तर कुणाला? घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागलेला, येताना रिक्षात बराच वेळ गेलेला.

"बाय, काकूंना घेऊन जा."

आमच्याकडे घरात संडास नाही. मी काकूंना सार्वजनिक संडासाकडे नेलं, हातात डबा. रांग होती. पोळीवाली रांगेत होती, तिने काकूंना बघितलं, आणि बाजूला झाली. तिच्या पुढची झाली. तिच्याही पुढची. कुणीही विचारलं नाही की ही कोण. कडी मोडलेली, म्हणून पोळीवालीने बाहेरून दार धरून ठेवलं, आणि तोंड दुसरीकडे केलं.

हे सांगून मी तुम्हाला बरं वाटू देणार नाही. रांगेत जागा दिली म्हणून आईची किडनी परत येत नाही. सकाळभर दार लोटून ठेवणारी एक म्हातारी होती, ते दार तुम्ही आधी टाळ्या वाजवून आणि मग नियम करून बंद केलंत. चांगुलपणा फोटोत चालतो, तोवर चालतो. वासाला, ओलीला, चपलांना आला की तुम्हाला सिक्युरिटी आठवते.

काकू घरी परत गेल्यावर आई म्हणाली, "त्यांनी मला विचारायला लागू नये म्हणून पाठ केली. पण मीच विचारत नव्हते ना कुणाला."

दिवाळीनंतर तिने काम परत शोधायला घेतलं. दुसरे टॉवर, त्याच रोडला. घर भागत नाही तर काय करणार. मी बरोबर जाते, जिने चढताना तिला धाप लागते म्हणून. दारात उभी राहून ती आधी एकच विचारते, "मॅडम, मला आजार आहे. मध्ये संडासला जायला लागेल, तुमचा वापरू द्याल का?" पगाराचं नंतर.

पहिल्या दारी तिथली बाई लाल झाली, म्हणाली, "हे काय विचारणं झालं?" दुसऱ्या दारी मॅडम म्हणाल्या, कळवते. तिसऱ्या दारी मी बोलायला तोंड उघडलं तर आईने माझा दंड दाबला. "तू गप. मला बोलू दे."

त्या घरातला माणूस आतमध्ये बघून आला, बायकोशी काहीतरी कुजबुजला, आणि म्हणाला, "पाहुण्यांचा एक आहे, तो चालेल?"

"चालेल," आई म्हणाली.

हे एक घर. बाकीच्या घरांसाठी अजून फिरतोय.