लडाखच्या बर्फाखाली सह्या

त्या रविवारी विहारात बोलायची पाळी माझी होती. बुवापाड्यातल्या विहाराच्या कमिटीने कबूल केलं होतं, वंदना झाली की मी वालधुनीवर बोलणार आणि लोक माझ्या अर्जावर सह्या करणार. पाड्यामागची ही नदी कधी जांभळी वाहायची, कधी तांबडी, आणि दुपारी वास असा की घास घशाखाली उतरायचा नाही. उल्हासनगरला छापून आणलेली माझी पत्रकं घरोघर गेली आणि घरोघर त्यांच्यात भजी बांधली गेली. सही एकाचीही नाही. ज्या कंपन्यांचं पाणी नदीत यायचं, त्याच कंपन्यांत अख्खा पाडा कामाला. माझे बाबाही. म्हणजे माझ्या स्वतःच्या घरातून सही नव्हती.

आणि दादा सुट्टीवर आला.

दादा फौजेत ट्रक चालवायचा, लडाखमध्ये. तिकडे गावंच्या गावं बुद्धाला मानणारी आहेत, तीही पिढ्यानपिढ्यांची, हे त्याच्याकडून कळल्यावर पाडा वेडाच झाला. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध. आम्हाला त्याचं अप्रूप फार. कमिटीचे अध्यक्ष घरी चहाला आले आणि माझ्यादेखत माझा रविवार दादाला देऊन गेले. जाताना मला म्हणाले, तुझं काय, तू इथंच असतेस.

बरोबर. इथं असणाऱ्याचं कोण ऐकतो?

विहार भरला, चपला पार गटारापर्यंत गेल्या. माझ्या सभेला सतरंजीचा कोपरा भरायचा नाही. दादा काही वक्ता नव्हे. 'म्हणजे काय की' म्हणून दर वाक्याला अडणार. तरी लोक जागचे हलले नाहीत. त्याने गोम्पांचं, म्हणजे तिकडच्या विहारांचं सांगितलं, मग बर्फाचं. हिवाळ्यात तिथली नदी गोठते आणि लोक तिच्यावरूनच गावाला चालत जातात, रस्ता तोच. त्याच्या ठाण्याजवळ एक म्हातारा होता. तो सांगायचा, त्याच्या बापाच्या वेळी बर्फ लवकर धरायचा आणि थंडी सरली तरी हटायचा नाही, घोडी घेऊन लोक पार व्हायचे. आता उशिरा धरतो, लवकर फुटतो, मध्येच पातळ लागतो. पायाखाली कडकन आवाज झाला की सगळे जागच्या जागी थिजतात.

बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबा पुढे सरकून बसले होते, डोळे भरलेले. मी मागे भिंतीला टेकून जळत होते. नदी मरतेय, हेच तर मी दोन वर्षं ओरडत होते. पण माझी नदी घाण मारते आणि त्याची पांढरीशुभ्र. वर तो गणवेशातला मुलगा आणि मी गल्लीबोळात कागद वाटणारी पोरगी.

शेवटी कुणीतरी उठून म्हणालं, तिकडच्या आपल्या लोकांवर संकट आहे, विहाराने सरकारला ठराव पाठवायला हवा. सगळे हो म्हणाले. खिशाखिशातून पेनं निघाली. माझ्या अर्जाच्या वेळी ह्याच खिशांत पेन नसायचं. ठराव लिहायला मात्र मी.

मी लिहिला. रागात लिहिला म्हणून असेल, चांगला उतरला. आणि खाली एक वाक्य घातलं : 'तसेच आमच्या पाड्यामागील वालधुनी नदीत कंपन्यांचे रासायनिक पाणी सोडणे बंद करावे.' चोरून नाही, सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बर्फाला टाळ्या पडल्या. त्या वाक्याला कुणी खोकलंसुद्धा नाही.

अध्यक्ष म्हणाले, "शेवटचं काट. विषय लडाखचा आहे."

"विषय नदीचा आहे," मी म्हणाले. "त्यांच्या नदीवर तुमचा पगार नाही, म्हणून पेनं निघाली तुमची."

कुणी माझ्याकडे बघेना. बाबाही नाही. ते दादाकडे बघत होते. त्यालाच त्यांनी विचारलं, "तो म्हातारा हे सगळ्यांना सांगतो का रे? बर्फ पातळ झालाय म्हणून?"

"सांगतो की, बाबा," दादा म्हणाला. "न सांगून कसं चालंल? जायचं तर त्याच्यावरूनच आहे."

बाबा कागद स्वतःकडे ओढून म्हणाले, "राहू दे ते वाक्य." आणि सही केली. कंपनीत हे कळलं तर काय होईल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्यामागून बाकीच्यांनी केल्या. काहींनी शेवटची ओळ तळहाताने झाकून केल्या, म्हणजे ती जणू पाहिलीच नाही.

घरी आल्यावर बाबांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. तुझ्यामुळे आज पाड्याला वाचा फुटली, म्हणाले. दादा खरं तेच बोलला, की वाक्य हिचं होतं.

"ती काय, रोजच बोलते," बाबा म्हणाले.

सोमवारी तो कागद कलेक्टरसाहेबाच्या कचेरीत द्यायला मी एकटीच गेले. बाबांनी त्या दिवशी कामावर खाडा केला होता, दादाला स्टेशनवर सोडायला.