रुंदशेपट्याची मेजवानी

पुली गावाच्या बाजारात सू-ओची तांदळाच्या शेवयांची टपरी होती. साठी ओलांडलेली ही बाई मे महिना लागला की गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडून कॅमेरा गळ्यात अडकवी आणि डोंगरातला ओढा गाठी. तिला एकच दुर्मीळ फुलपाखरू हवं होतं, रुंदशेपट्या. काळा, कडेला लाल कोयऱ्या, आणि शेपट्या पळ्यांसारख्या पसरट.

हट्ट खरा वडलांपायी, म्हाताऱ्या चिन-शुईपायी. त्याने तरुणपणी जाळ्याने टोपल्या भरभरून फुलपाखरं धरली, पंख चिकटवून चित्रं बनवणाऱ्यांना विकली. पण रुंदशेपट्याने त्याला कायम हुलकावणी दिली. आता म्हाताऱ्याची नजर जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. नजर पुरती जाण्याआधी निदान फोटोत तरी दाखवावा, एवढीच तिची धडपड.

"ओढ्यावर नुसती बसून काय राहतेस?" म्हातारा खेकसला. "वाळूवर मूत शिंपड. नर खारटाला हपापलेले असतात. आम्ही तेच करायचो."

"बाबा, तिथे फोटो काढणारे सगळे पुरुष असतात!"

"मग माझं ने."

सकाळी त्याने चहाची रिकामी बाटली भरून तिच्या हातात ठेवली.

ओढ्यावर शू आधीच ठाण मांडून होता. टपरीचं जुनं गिऱ्हाईक. तोफेएवढी लेन्स आणि त्याहून मोठं तोंड. सू-ओ कॅमेरा सरसावते तोवर त्याने तिची बाटली उघडलीसुद्धा.

"ताई, उलाँग चहा का? एक घोट घेतो."

"अहो, ठेवा ती! बाबांची आहे!"

"एका घोटाने म्हातारा रागावतो की काय?"

तिने झडप घातली आणि बाटली शूच्या बुटांवर उपडी झाली. आत काय होतं ते कळल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो पाण्याकडे धावणार, तोच वरून काहीतरी काळं घिरट्या घालत उतरलं.

"हलायचं नाही!" सू-ओ कुजबुजली.

रुंदशेपट्या शूच्या उजव्या बुटावर बसला आणि सोंड सोडून निवांत पिऊ लागला. तोफ बिचारी लांब दगडावर पडलेली. शू दात-ओठ खात पुतळा झाला आणि सू-ओने हवे तेवढे फोटो काढले.

घरी तिने फोटो मोठा करून दाखवला. म्हाताऱ्याने नाक पडद्याच्या काचेला टेकवलं.

"हा बूट कुणाचा? केवढा मळका!"

मग त्याचं बोट शेपटीच्या कडेने अलगद, बरोब्बर फिरलं. डोळ्यांना धार लागली होती.

"जन्मभर मी याच्यामागे पळालो," तो म्हणाला, "शेवटी आला की नाही माझ्याकडे प्यायला!"