एकोणीसशे सहाचे भूकंप आणि आमचे बाबा

२०१२ च्या जानेवारीत माझे बाबा ख्राइस्टचर्चला आले, ते मला परत पुण्याला न्यायला. तसं त्यांनी विमानतळावर सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर "रस्त्यात एवढे केशरी शंकू कशाला उभे केलेत?" एवढंच विचारलं. पण जो माणूस कोथरूडहून डेक्कनला जायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या घालतो, तो तीन विमानं बदलून उगाच येत नाही. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आमच्या शहराचा मधला भाग भूकंपात गेला होता. त्या दिवसापासून बाबा फोनवर रोज एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होते आणि मी रोज तो टाळत होते.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा एकटेच राहत. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, म्हणजे भूकंपाशी संबंध शून्य. पण पुण्यात निवृत्त माणसाला विषयाशी संबंध लागत नाही, फक्त वेळ लागतो. माझ्या काळजीने त्यांनी वाचनालय गाठलं, तिथून इंटरनेट गाठलं आणि वर्षभरात ते एकोणीसशे सहा या सालाचे तज्ज्ञ होऊन बसले.

सिद्धांत त्यांनी पहिल्याच जेवणाला मांडला. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर, दिवसभर मोडक्या इमारतींच्या भेगा मोजून आलेला. त्याला वरण वाढता वाढता बाबा म्हणाले, "अहो, सहा साली जानेवारीत इक्वेडोरचा किनारा हलला. मार्चमध्ये फोर्मोसा, म्हणजे आताचं तैवान. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को. ऑगस्टमध्ये चिलीतलं वाल्पाराइसो. एकाच वर्षात सगळा पॅसिफिक काठाकाठाने गदागदा! आता बघा. चिली झालं, तुमचं झालं, जपान झालं."

"बाबा, चार भूकंपांवरून नियम नाही काढता येत," नवरा नम्रपणे म्हणाला.

"तुम्ही तुमच्या काँक्रीटचं बघा," बाबा म्हणाले. "आणि शहाण्या माणसाने काठावर कशाला राहावं, ते मला सांगा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळेत बोलून ठेवलं आहे. जूनमध्ये हिला घेतील." हिला म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या लेकीला. तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते. "घेतील व्हेअर?" तिने विचारलं. मी तिला आणखी एक पोळी वाढली.

माझं मन तेव्हा खरोखरच दोलायमान होतं. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. फेब्रुवारीत आमच्या कपाटांतल्या औषधांचा जमिनीवर खच पडला होता, आणि पुढचे कित्येक आठवडे मला खोकल्याच्या औषधाच्या वासाने रडू यायचं. घरी आलं की नळाला पाणी नाही, अंगणात जमिनीतून वर आलेला राखाडी चिखल, आणि रस्त्याच्या कडेला सगळ्या गल्लीचा मिळून एक प्लॅस्टिकचा संडास. पण त्याच गल्लीत समोरच्या म्हाताऱ्या बाई आपल्या बार्बेक्यूवर सगळ्यांसाठी पाणी उकळत होत्या, आणि त्याच बार्बेक्यूवर मी पातेलंभर खिचडी टाकत होते. तिला ते लोक 'यलो राइस' म्हणत आणि भांडं चाटूनपुसून परत देत. ह्या माणसांना सोडून जायचं मला जिवावर आलं होतं. राहायचीही भीती वाटत होती. बाबांनी आणखी थोडा जोर लावला असता तर मी बॅगा भरल्या असत्या, आणि जोर लावायलाच ते आले होते.

त्यात आमच्या घरातल्या चालीरीती पाहून त्यांचा निश्चय आणखीच पक्का झाला. पहिल्या सकाळी ते देवपूजेला बसले आणि त्यांनी गणपती उचलला, तर गणपती उठेना. भिंतीवर पोस्टर चिकटवायला वापरतात ती निळी पुट्टी मी सगळ्या देवांच्या बुडाला लावली होती. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख, घंटा, सगळे जागच्या जागी घट्ट.

"देव चिकटवलेस?" बाबांनी विचारलं. "अगं, स्नान कसं घालायचं त्यांना?"

"आहे तिथेच पुसून घेते, बाबा. फेब्रुवारीत बाळकृष्ण फ्रिजखाली गेला होता. तीन दिवस सापडला नाही."

बाबांनी त्या दिवसापासून रोज सकाळी देव सुटे करायचे, त्यांना आंघोळ घालायची, आणि मी कामावर निघताना ते परत चिकटवायचे, असा क्रम सुरू झाला. नखात निळी पुट्टी घेऊन मी औषधं द्यायला जायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी घर हललं. बाबांच्या आयुष्यातला तो पहिला भूकंप. एकोणीसशे सहाचा तज्ज्ञ बनियन-पायजम्यात थेट बागेत पोचला आणि तिथून ओरडू लागला, "बाहेर! सगळे बाहेर!" आपल्याकडे दगडमातीची घरं अंगावर येतात, म्हणून बाहेर पळायचं हे आपल्या हाडात असतं. इथे लाकडी घरं नुसती कुरकुरतात आणि बाहेर पळणाऱ्याच्या डोक्यात धुराड्याच्या विटा पडतात, म्हणून टेबलाखाली शिरायचं. माझी लेक आपला सीरिअलचा वाडगा घेऊन टेबलाखाली बसली होती.

"आबा, यू आर सपोज्ड टू बी अ टर्टल," ती आतून म्हणाली. शाळेत कासव व्हायला शिकवतात.

"किती होता?" नवऱ्याने दात घासता घासता विचारलं.

"चार पूर्णांक दोन," मी म्हणाले.

"छे. तीन नऊ. जमिनीखाली फार खोल नव्हता म्हणून जास्त वाटला."

हे ऐकून बाबा बागेतच खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं आम्हाला वेड लागलंय, आणि त्यांचं फार चुकलं असंही नाही. ख्राइस्टचर्चमध्ये तेव्हा सगळेच धक्क्याच्या रिश्टरचा अंदाज करायचे, पण मराठी लोकांनी त्याची दहावीची परीक्षा करून टाकली होती. धक्का थांबायच्या आत महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर आकडे यायला लागत. कुणाचा बरोबर आला की तो दिवसभर नम्रपणे मिरवायचा. कुणाचा चुकला की त्याच्या मते यंत्रच चुकलेलं असायचं. "आमच्या उपनगरात पाच होता हो," असं एक बाई अशा थाटात सांगायच्या, जणू त्यांच्या मुलाला मेडिकलला सीट मिळाली आहे.

घरात आपलं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर बाबांनी पुणेरी उपाय काढला. त्यांनी व्याख्यान द्यायचं ठरवलं. इथल्या महाराष्ट्र मंडळालाही वक्ता हवाच होता, कारण संक्रांतीच्या कार्यक्रमाला ज्यांना गायला बोलावलं होतं त्यांनी गाशा गुंडाळून ऑस्ट्रेलिया गाठलं होतं. विषय ठरला, 'एकोणीसशे सहा सालातील जागतिक भूकंप आणि आपण'. त्यातलं 'आपण' म्हणजे मी, हे मला तेव्हाच कळलं.

ज्या लोकांनी वर्षभरात हजारो धक्के अंगावर काढले, त्यांना आयुष्यात एकच धक्का बसलेला माणूस भूकंपावर बोलणार होता. तरी हॉल भरला. एक म्हणजे तिळगूळ होता, आणि दुसरं, प्रत्येकाला प्रश्नोत्तरांत आपापला भूकंप सांगायचा होता. दीपप्रज्वलन होऊ शकलं नाही, कारण हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी होती. शेवटी समईत बॅटरीवरची मेणबत्ती ठेवून मान्यवरांनी तिचं बटण दाबलं. अध्यक्ष डॉक्टर होते. वक्त्यांचा परिचय करून देता देता ते स्वतःच्या फेब्रुवारीपर्यंत पोचले, आणि त्यांना तिथून परत आणता आणता सचिवांच्या नाकी नऊ आले.

बाबा मात्र सुरेख बोलले. मी त्यांना वर्गात शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. हातात कागद नाही, नकाशा नाही, आणि तरी इक्वेडोरच्या किनाऱ्यावर चढलेला समुद्र दिसत होता. फोर्मोसातली मातीची घरं बसली. सॅन फ्रान्सिस्कोत पाण्याचे पाइप फुटले, आगी लागल्या आणि विझवायला पाणी नाही. आमचेही पाइप फुटले होते, त्यामुळे हॉल एकदम शांत झाला. बागांत तंबू ठोकून राहिलेली कुटुंबं, रस्त्यावर मांडलेल्या चुली. माझ्या शेजारची नर्स पदराने डोळे टिपत होती.

ते वाल्पाराइसोला पोचतात न पोचतात तोच हॉल हलला.

बारका होता. वरचे दिवे झुलले, तिळगुळाची ताटं खणखणली. "तीन सात," मागून आवाज आला. "चार!" "चार कसला, जरा अनुभव ठेवा." कुणी खुर्चीवरून उठलंसुद्धा नाही. मंचावर मात्र नुसता माइक उरला होता. वक्ते बाजूच्या दाराने गाड्यांच्या आवारात गेले होते.

दोन मिनिटांनी ते परत आले. त्यांनी झब्बा नीट केला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "माझ्या भाषणाच्या उत्तरार्धाचं हे प्रात्यक्षिक होतं." टाळ्या पडल्या. मला फार कौतुक वाटलं त्यांचं. आणि तेवढीच भीतीही वाटली, कारण आता हॉल त्यांच्या मुठीत होता आणि उत्तरार्ध यायचा होता.

उत्तरार्धात बाबा सगळ्यांना उद्देशून बोलत नव्हते, सरळ माझ्याकडे बघून बोलत होते. धीर धरणं निराळं आणि हट्ट करणं निराळं, ते म्हणाले. जमीन स्वतः सांगते आहे की इथे राहू नका, तिचं ऐकण्यात कसला कमीपणा? माणसाने आपली माती सोडावी, जग बघावं, पण माती पायाखालून निघून जायला लागली की घरी यावं. "तिकडे घर आहे," ते म्हणाले. पाठीमागे कुणीतरी नाक ओढलं. माझा नवरा माझ्याकडे बघायचं टाळत होता. मला कळलं की आज घरी जाऊन तिकिटं बघितली जाणार.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्या तिघांनी प्रश्न न विचारता आपले भूकंप सांगितले. एकाचा टीव्ही पडला होता, दुसऱ्याचा त्याहून मोठा टीव्ही पडला होता. मग मी हात वर केला.

"सर," मी म्हणाले, कारण मंडळात त्यांना सगळे सर म्हणत होते, "सहा सालानंतर त्या गावांतली माणसं कुठे गेली?"

मी हे का विचारते आहे हे बाबांना पहिल्या शब्दालाच समजलं असणार. काहीही सांगता आलं असतं. सगळे निघून गेले म्हणाले असते तर त्या हॉलमध्ये त्यांना खोडून काढणारं कुणी नव्हतं, मीसुद्धा नव्हते.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काही गेली," ते म्हणाले. "सॅन फ्रान्सिस्कोतली बरीचशी आधी खाडीपलीकडे गेली. पण शहर त्यांनी तिथेच पुन्हा बांधलं. वाल्पाराइसोही तिथेच आहे. एकूण बघता, माणसं राहिली."

"का?" हा आवाज माझ्या लेकीचा होता.

"ते अर्थशास्त्रात बसत नाही," बाबा म्हणाले आणि खाली बसले.

मग आभारप्रदर्शन झालं, शाल आणि नारळ झाला, अध्यक्षांनी समारोपात फेब्रुवारी पूर्ण केला. तिळगूळ घेताना लोक बाबांना वाकून नमस्कार करत होते आणि ते सगळ्यांना "सांभाळून राहा" म्हणत होते. राहा म्हणत होते, हे माझ्या लक्षात आलं. मी जिंकले होते, आणि जिंकल्याचा मला जराही आनंद होत नव्हता. तरी तोच प्रश्न मी पुन्हा विचारला असता.

परत जाताना मी गाडी चालवत होते. नवरा आणि लेक खुर्च्या आवरायला मागे थांबले होते. इथला जानेवारी म्हणजे उन्हाळा, त्यामुळे ऊन अजून होतं. रस्ता पुन्हा वळवला होता, म्हणून आम्ही भलत्याच बाजूने चाललो होतो. पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत गवत कमरेएवढं वाढलं होतं. बाबा ते गवत बघत होते.

"मुद्दाम विचारलंस," ते म्हणाले.

"हो."

"उत्तर माहीत होतं?"

"नाही. पण तुम्ही खरं सांगाल हे माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. पुढचा सिग्नल लाल होता, मी थांबले. आडव्या रस्त्याने एकही गाडी जात नव्हती, पण आम्ही थांबून होतो.

"मला भूकंपातलं काही कळत नाही गं," बाबा म्हणाले. "वर्षभर मी विचार करत होतो, तुला कशासाठी परत बोलवायचं? शाळा इथली चांगली. हवा चांगली. नोकरी चांगली. शेजार तर आमच्या सोसायटीपेक्षा शंभरपट चांगला. शेवटी एवढंच सापडलं की पुण्यात जमीन हलत नाही. तेवढ्यावर सगळं रचलं." मग म्हणाले, "तिथे मी आहे, पण ते काही कारण होत नाही."

"ते एवढं पहिल्या दिवशी म्हणाला असतात ना, बाबा, तर मी आले असते."

"म्हणून तर नाही म्हणालो," बाबा म्हणाले. "सिग्नल सुटलाय. चल."