कमान उतरायच्या आत

यंदाच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, माझ्या थोरल्या मावसभावांनी धुळ्यातली दहा किलोमीटरची शर्यत धावून पूर्ण केली. तिचा व्हिडिओ त्यांच्या खात्यावर नाही. ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी आहे, कारण स्वतःला धावताना इतक्या वेळा दाखवलेला आणि इतक्या कमी लोकांनी पाहिलेला दुसरा माणूस सबंध खानदेशात नाही.

जळगावात त्यांना सगळे आबा म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी धावण्याचे बूट घेतले, आणि बुटांच्याही आधी मोबाइलचा स्टँड. ते एकटेच धावतात. त्यामुळे स्टँड रस्त्याकडेला रोवायचा, मागे जायचे, समोरून धावत यायचे, आणि पोट दिसले तर पुन्हा मागे जायचे. गेल्या वर्षी भर शर्यतीतही दर वळणावर त्यांनी हेच केले. ते पोहोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान हवा काढून जमिनीवर पसरलेली होती. आबा तिच्यावरून पाय उचलत पलीकडे गेले. तिथे वहिनी टॉवेल घेऊन एकट्याच उभ्या होत्या आणि खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. "मंडपवाल्याने मला विचारलं, ताई, तुम्हाला कुठे उतरवायचं," वहिनी म्हणाल्या. "यंदा कमान उभी असताना या. नाहीतर मी काही येत नाही."

आबांनी हे मनाला लावून घेतले आणि निवृत्त ड्रिल मास्तर असलेल्या नानांना गाठले. नाना म्हणाले, "आबा, तू धावतोस की फोन राखतोस? एकदाच ठेव आणि सलग धाव. थांबलास की दम मोडतो." त्यातून नवी पद्धत ठरली. गावाबाहेर ओळखीच्या शेताच्या बांधावर फोन चालू करून ठेवायचा, कालव्यापर्यंत न थांबता जायचे आणि परतताना तो उचलायचा. सरावात खंड नाही आणि व्हिडिओही तयार.

पण हंगाम भरिताचा होता. त्या बांधावर सकाळीच तुरीच्या काड्या पेटत, आणि वांगी आरावर असताना आलेल्या माणसाला आमच्याकडे उपाशी सोडत नाहीत. मंडळी फोन नीट सांभाळत, परत देताना मात्र एकच अट असे, "फोन भेटी, पहिले बस." आबा बसत. घरापर्यंतचे उरलेले अंतर ते भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा पोटात घेऊन कापत. परतीचा वेग का पडतो, असे नानांनी विचारल्यावर आबा म्हणाले, "चढ आहे." त्या रस्त्याला चढ नाही.

आबांना व्हिडिओ कापता येत नसे, म्हणून तो अख्खाच टाकला जाई. त्यात आबा एकदा डावीकडून उजवीकडे जात. बाकी सगळा जाळ, वांगी आणि बांधावरची बोलणी.

"कोन शे रे तो?"

"आबा शे."

"मांगे कुत्रं लागनं का काय?"

"नही, बायको लागनी व्हई."

हे व्हिडिओ लोकांना फार आवडले. वांग्याला तेल आधी लावायचे की नंतर, अशी विचारणा होऊ लागली. धावण्याबद्दल एकच प्रश्न आला: मधूनच पळत जाणारा तो माणूस कोण? दुसऱ्या दिवसापासून फोन घरी राहिला. बांधावरून हाका येत, आबा हात हलवून पुढे जात. असे त्यांनी भरिताच्या उरलेल्या सबंध हंगामात केले. हे मी सांगितले तर आमच्या नात्यात कोणी विश्वास ठेवत नाही.

शर्यतीच्या सकाळी त्यांनी फोन वहिनींच्या हातात दिला. "कमानीजवळ उभी राहा. आडवा धर. हलू नकोस."

हा व्हिडिओ मी पाहिला आहे. सुरुवातीला कमान दिसते आणि तिच्यात हवा भरणाऱ्या पंख्याजवळ वाकलेला माणूस दिसतो. "ताई, बंद करू का?" तो विचारतो. वहिनींचा आवाज येतो, "थांबा हो भाऊ, आमचे हे येताहेत!" मग चित्र कलंडते. आभाळ, साडीचा काठ, चपला, पुन्हा आभाळ. "पळा हो, पळा! बंद करतोय तो!" वहिनींना धाप लागलेली आहे. शेवटी क्षणभर आबांची घामेजलेली पाठ दिसते आणि तिच्या वर, अजून फुगलेली, कमान. आबा पुढे आणि वहिनी मागे, असे दोघे तिच्याखालून जातात.

आबांचा चेहरा त्यात कुठेच आलेला नाही. फोन माझ्या हातात न देता, स्वतःच धरून, त्यांनी हा व्हिडिओ मला दोनदा दाखवला. टाकलेला नाही.