शेणाला चालणारा हात

मालकीणबाईंनी दुधाची बादली माझ्यासमोर उकिरड्यावर उपडी केली. दूध अजून कोमट होतं. त्यावर फेस होता. ते शेणात मुरत गेलं आणि मी बघत राहिले.

"तुला शेणाला ठेवलंय. गाईच्या सडाला हात लावायला कुणी सांगितलं गं?"

मी मान खाली घातली. मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच.

"केंद्रावर कळलं तर आपलं दूध कोण घेईल?" त्या म्हणाल्या.

केंद्रावर साऱ्या गावाचं दूध एकाच टाकीत ओततात. हे मी मनातच म्हणाले.

किल्लारीच्या पलीकडचं आमचं गाव. भूकंपानंतर नवं वसलं. रस्ते सरळ झाले, घरं ओळीत आली. आमच्या जातीची ओळ शेवटची. मालकांच्या गोठ्यावर मी सहा वर्षं शेण काढलं, वैरण टाकली. धारा गोविंदअण्णा काढायचे. ते नांदेडला लेकीकडं राहायला गेले आणि त्यांची जागा मोकळी झाली.

त्याच आठवड्यात गौरी व्याली. देवणी गाय, अंगानं पांढरी, तोंडाच्या बाजू काळ्या. वासरू आडवं आलं. डॉक्टर दुसऱ्या गावात अडकलेले. मालक म्हणाले, "तुझा हात बारीक हाय. घाल आत."

घातला. कोपराच्या वर. वासराचे पाय चाचपून सरळ केले आणि गाईला कळ आली तसं ओढलं. कालवड निघाली. मालकीणबाईंनी तांब्या उंच धरून माझ्या हातावर पाणी ओतलं. "देवासारखी आलीस बाई," म्हणाल्या. त्या दिवशी माझी जात कुणाला आठवली नाही.

मला वाटलं, आता विचारावं. तीन दिवस मनात जुळवाजुळव केली. "मालक, धारा मी काढू का?"

मालक हसले. घरात ओरडून म्हणाले, "आगं ऐकलंस का, हिला धारा काढायच्यात! उद्या म्हणंल, देवघरात पूजा करते."

धारा काढायला मालकांनी आपला पुतण्या आणला. तो बसला की गौरी लाथ झाडायची. मी पाठीवर हात ठेवून "हो माय, हो" म्हणाले की शांत व्हायची. एके सकाळी पुतण्या आलाच नाही. गौरीची कास तटतटली होती, ती हंबरत होती. मी बसले. तिनं लगेच पान्हा सोडला. तीच ती बादली.

त्यानंतर धारांच्या वेळी मला गोठ्याबाहेर उभं करायचे. पुतण्या गौरीचे मागचे पाय बांधायचा, निघेल तेवढं काढायचा, बाकी कासेत ठेवून उठायचा. चार दिवसांत कास लाल झाली. मग दगडासारखी. शेण काढताना मला ते रोज दिसत होतं.

मी सांगितलं नाही. परत म्हणतील, कासेकडं कशाला बघतीस. दोन दिवस गप्प राहिले. ते दोन दिवस माझे आहेत. ते मी कुणावर ढकलत नाही.

तिसऱ्या दिवशी गौरी उठेना, तेव्हा मालकांनी डॉक्टर बोलावले. ते आले तेव्हा उशीर झाला होता. गौरी दुसऱ्या दिवशी सकाळी मेली.

मालक आमच्या ओळीत आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. दारात उभे राहून म्हणाले, "तुझ्या दादल्याला न् दिराला घिऊन चल. गाय वढून टाका. तुमचंच काम हाय की ते."

नवरा उठून चप्पल घालायला लागला.

"न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काय म्हणलीस?"

"जिती व्हती तवा कास धरू दिली न्हाई. आता मेल्यावर पाय धरणार न्हाई."

"मग उद्यापासून गोठ्यावर पाऊल ठिऊ नको."

"न्हाई ठेवत."

मी नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं चप्पल काढली.

दुपारी त्यांच्याच ट्रॅक्टरमधून गौरी गेली. ट्रॉलीबाहेर तिचे पाय लोंबत होते. मला तिच्या पाठीवर एकदा हात ठेवायचा होता. राहिला. कालवड संध्याकाळपर्यंत ओरडत होती. आमच्या ओळीपर्यंत ऐकू येत होतं. मीच तिला जगात आणलं होतं. मी गेले नाही. पदर तोंडात धरून बसले.

आता काम शोधते आहे. लातूरला एका गोठ्यावर जाऊन आले, गोविंदअण्णांनी सांगितलं म्हणून नांदेडकडं दोन ठिकाणी. मी आधी माझी जात सांगते, मग विचारते, धारा काढू देता का? तिन्हीकडं म्हणाले, शेण-गोठ्याला ये. तिन्हीकडून परत आले. घरात चूल कशी पेटते ते मलाच माहीत.

शेणाची मला लाज नाही. पण जिथं माझा हात सडाला चालत नाही, तिथं तो शेणालाही लागणार नाही. मेलेल्या जनावराला तर नाहीच. आणि कुणाच्याही दावणीला गाईची कास सुजलेली दिसली, तर मी तिथंच ओरडून सांगणार. गाय कुणाची आहे ते विचारणार नाही.