वहिनी आणि कोमट भात

माझी वहिनी घाबरट नव्हती हो. घरात उंदीर निघाला की मी खुर्चीवर आणि ती चप्पल घेऊन त्याच्या मागे, अशी आमची वाटणी. दिवसभर खिडकीशी बसून शिवणयंत्र चालवायची आणि सोबत तोंडाचा पट्टा. त्या बाईला शेवटी घाबरवलं ते भातानं. आणि तेही असं, की तिच्या धास्तीपायी माझ्या बापाच्या जिवावर बेतायची वेळ आली.

सुरुवात तिच्या हौसेतून झाली. दादा बस चालवतो, दुपार कलल्यावर घरी येतो. त्याला गार भात खावा लागू नये म्हणून वहिनीनं उरल्यासुरल्या कापडात कापूस भरून पातेल्याला टोपडं शिवलं होतं. सकाळी भात करायचा आणि टोपडं घालून ठेवायचा. "भाताला थंडी वाजते का गं?" म्हणून मी चिडवायची. दादा मात्र खूश. वर्षानुवर्षं काही झालं नाही आणि एका उन्हाळ्यात झालं. जेवून आडवा होतोय न होतोय तोच उलट्या. थांबेचनात. सलाईन लावावं लागलं.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गरम भात. शिळंपाकं मी कध्धी देत नाही," वहिनी ठणकावून म्हणाली.

"गरम, की कोमट?"

टोपड्याची हकिगत ऐकून बाईंनी शांतपणे समजावलं. तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात, विष तयार करतात आणि मग भात कितीही गरम करा, ते विष जात नाही. म्हणून भात वाफाळता खायचा. उरला तर ताटात पसरून लवकर गार करायचा, लगेच फ्रीजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला वाफ येईस्तोवर गरम करून संपवायचा. साधी गोष्ट. दादा बरा होऊन कामावरही गेला. वहिनीनं मात्र एकच शब्द डोक्यात धरला, विष.

"मीच घातलं ना गं त्याला," ती म्हणाली.

"वेड लागलंय तुला," मी म्हटलं. समजूत घालायची माझी ही तऱ्हा.

त्यानंतर आमचे आप्पा पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन घरी आले. पुढचे उपचार सुरू करायचे तर वजन वाढायला हवं आणि पोट अजिबात बिघडता कामा नये, असं बजावून सोडलं होतं. आणि त्यांच्या घशाखाली उतरायचा तो फक्त मऊ भात. म्हणजे जिला भात म्हणजे विष वाटतं, तिनंच तो रोज रांधायचा! भांडी घासघासून आणि हात धुऊन धुऊन वहिनीच्या बोटांची सालं निघाली. सुई धरवेना.

तपासणीला नेलं तर आप्पांचं वजन उलट घटलेलं. असंच चाललं तर उपचार होणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. सून रांधतेय, सासरा "जेवलो" म्हणतोय, मग अन्न जातंय कुठे? मी त्याच इमारतीत खाली राहते. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी न सांगता वर गेले.

आप्पा बाहेर बसून विचारत होते, "झालं का गं?" भात केव्हाच झाला होता. पातेलं ओट्यावर झाकलेलं. आणि वहिनी स्टुलावर बसून, पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघतेय.

"पोट दुखतंय?"

"नाही. तेच बघतेय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज आधी ती स्वतः खायची. मग थांबायची. आपल्याला काही होत नाही अशी खात्री पटली की मगच आप्पांचं ताट. तोवर आप्पांची भूक मरायची, दोन घासांत त्यांचा हात थांबायचा. उरलेला भात ती भीतीनं फेकून द्यायची.

मी पातेल्याला हात लावला. कोमट.

माझं डोकंच फिरलं. "अगं बये, दादाचा भात टोपड्यात कोमट व्हायचा, आप्पांचा तू पहारा देऊन करतेस! ज्याला भितेस तेच त्यांना वाढतेस!"

"रोज?" ती पुटपुटली. "रोज मी त्यांना हेच दिलं?" आणि तिनं पातेलं माझ्यापुढून ओढून घेतलं. मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. भीती मलाही वाटत होती. आप्पांच्या अंगात काही उरलं नव्हतं, एकदा जरी पोट बिघडलं असतं तर?

आप्पा भिंत धरधरून दारात येऊन उभे होते. "तो भात फेकून दे. दुसरा लाव. आणि दोन ताटं मांड."

"आप्पा, मी आधी..."

"आधी नाही नि नंतर नाही. समोर बसायचं, दोघांनी एकदम घास घ्यायचा. सून आणली ती काय माझ्या आधी मरून बघायला?"

भात झाला. वाफा निघत असतानाच मी वाढला. वहिनीनं घड्याळाकडे पाहिलं. आप्पा घास हातात धरून थांबले. "उचल." तिनं उचलला, तेव्हाच ते जेवू लागले. तिचं लक्ष ताटात नव्हतंच, त्यांच्या गळ्याकडे होतं. आप्पांचं ताट रिकामं झालं. कितीतरी दिवसांनी.

"अजून वाढ," ते म्हणाले.

वहिनीनं डाव उचलला आणि रडायलाच लागली. "आप्पा, मला अजून भीती वाटतेय हो."

"मलाही वाटतेय," आप्पा म्हणाले. "पण भूक लागलीय. वाढ."